बाजीरावाचा पुढचा भाग पानिपतावर संपतो!

'बाजीराव मस्तानी'नं मराठी घराघरात जागा मिळवली. चार वर्षांनी आलेल्या 'पानिपत'ला ते का जमलं नाही? न हरणारा नायक आणि हरलेला नायक यांच्यातल्या फरकाची ही गोष्ट…

पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवर 'काला अंब' नावाची जागा आहे. इथं एकेकाळी आंब्याचं झाड होतं. युद्धात एवढं रक्त सांडलं की त्या झाडाचा रंग काळा पडला, असं लोक सांगतात. झाड केव्हाच वाळून गेलं. आता तिथं लोखंडी सळईचा एक स्तंभ उभा आहे. दरवर्षी १४ जानेवारीला, उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत आणि धुक्यात, महाराष्ट्रातून माणसं इथं येतात. स्तंभापुढे नतमस्तक होतात, कपाळाला माती लावतात. कुणी मूठभर माती रुमालात बांधून घरीही नेतात.

पराभवाच्या जागेवर अशी यात्रा भरते, हे जरा नवलच! कारण मराठीत 'पानिपत झालं' म्हणजे सगळं संपलं. निवडणुकीत पक्षाचं पानिपत होतं, परीक्षेत पोराचं होतं, क्रिकेटमध्ये संघाचं होतं. १७६१ साली घडलेली एक लढाई भाषेत अशी रुतून बसली आहे. मग या लढाईवर कोट्यवधींचा हिंदी चित्रपट निघतो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं?

पहिला भाग, दुसरा भाग

कागदोपत्री 'पानिपत' हा कुठल्याच चित्रपटाचा दुसरा भाग नाही. 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ रोजी आला, तो संजय लीला भन्साळींचा. 'पानिपत' ६ डिसेंबर २०१९ रोजी आला, तो आशुतोष गोवारीकरांचा. दिग्दर्शक वेगळे, कलाकार वेगळे, संगीतकार वेगळे. पण मराठी प्रेक्षकाच्या मनात ही एकाच घराची गोष्ट आहे. थोरल्या बाजीरावांचा पुतण्या, म्हणजे चिमाजीआप्पांचा मुलगा सदाशिवराव, हा 'पानिपत'चा नायक. पहिल्या चित्रपटातला तरुण नानासाहेब दुसऱ्यात पेशवा होऊन गादीवर बसलेला दिसतो. आणि मस्तानीच्या मांडीवरचं ते लेकरू, समशेरबहाद्दर, दुसऱ्यात हाती तलवार घेऊन उत्तरेला निघतं.

म्हणूनच 'पानिपत'ची पहिली झलक आली त्या दिवसापासून तुलना सुरू झाली. अर्जुन कपूरच्या डोक्यावरची शेंडी, मिशा आणि पगडी पाहून लोकांना रणवीर सिंग आठवला. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच निम्मा सामना असा खेळून झाला होता.

महानायकांच्या चित्रपटांना हा अनुभव नवा नाही. १९७८ साली आलेल्या 'सुपरमॅन'मध्ये नायक उडतो, जग वाचवतो आणि प्रेक्षक खूष होतात. १९८० च्या दुसऱ्या भागात काय दाखवायचं? मग नायकाची शक्तीच काढून घेतली. प्रेमासाठी तो सामान्य माणूस होतो, मार खातो, रक्त पाहतो. २००४ च्या 'स्पायडरमॅन'च्या दुसऱ्या भागातही नायकाची शक्ती त्याला दगा देऊ लागते. आपल्याकडे राकेश रोशन यांनी 'कोई मिल गया' (२००३) मधल्या भोळ्या रोहितनंतर 'क्रिश' (२००६) मध्ये त्याचा मुलगा आणला, म्हणजे नायकाची पिढीच बदलली. एकूण युक्ती अशी, की पहिल्या भागात ताकद दाखवा, दुसऱ्यात तिची किंमत. मात्र शेवटी शक्ती परत येते, नायक जिंकतो आणि प्रेक्षक शीळ घालत घरी जातो.

पानिपतावर ही शेवटची सोय नाही.

न हरणारा राऊ

भन्साळींनी ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या कादंबरीचा आधार घेतला. त्यांच्या हाती आलेला नायक मुळातच महानायकाच्या मापाचा होता. वीस वर्षांची पेशवाई, चाळीसेक लढाया, आणि एकाही लढाईत हार नाही अशी ख्याती. वयाची चाळिशी गाठण्याआधी, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदेकाठी रावेरखेडी इथं मृत्यू. सुरुवातीलाच रणवीरचा बाजीराव बाणानं मोरपीस भेदतो आणि पेशवाईची वस्त्रं मिळवतो. त्या क्षणी प्रेक्षक त्याचा होतो.

चित्रपटातला खरा शत्रू मात्र रणांगणावर नाही, तो घरात आहे. तन्वी आझमींची करारी राधाबाई, प्रियांका चोप्राची दुखावलेली काशीबाई, शास्त्रार्थ करणारी पुण्यातली मंडळी. शत्रूचं सैन्य कापणारा हा वीर आपल्या मुलाचं नाव कृष्ण ठेवू शकत नाही, कारण घरची मंडळी आणि धर्मशास्त्र आडवं येतं. जातीधर्मापायी प्रेम कोंडल्याची गोष्ट पुण्यात कळते तशी पाटण्यातही कळते. शेवटी ज्वरानं फणफणलेला बाजीराव नदीच्या पाण्यात उतरून नसलेल्या फौजेशी लढतो. तो मरतो, पण हरत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये भन्साळी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले, तन्वी आझमींनाही सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर त्याच दिवशी आलेल्या शाहरुखच्या 'दिलवाले'पुढेही चित्रपट टिकला.

अर्थात आक्षेपही आले. काशीबाई आणि मस्तानी एकत्र फेर धरून नाचतात, पेशवा 'मल्हारी'वर बेभान होऊन थिरकतो, हे इतिहासप्रेमींना रुचलं नाही. पेशव्यांच्या वंशजांनीही नाराजी व्यक्त केली. पण नाराज झालेले पुष्कळजण तो पाहून आले, हेही खरं!

हरलेला भाऊ

गोवारीकरांपुढचं काम कितीतरी अवघड होतं. त्यांचा नायक तीस वर्षांचा आहे. हिशेबात चोख आहे. १७६० च्या आरंभी उदगीरला निजामाविरुद्ध विजय मिळवून तो आला आहे. तिथून त्याला थेट उत्तरेच्या मोहिमेवर जावं लागतं. सोबत सैन्य आहे, पण त्याहून मोठा बाजारबुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा तांडा आहे, बायकामुलं आहेत. दिल्ली घेतली, कुंजपुरा घेतला. तोवर अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मागे आला आणि दख्खनचा रस्ताच बंद झाला. पुढे दोन-अडीच महिने समोरासमोर तळ. धान्य संपलं, जनावरं मेली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली.

दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अफगाणांची फळी विस्कटली होती. मग विशीही न गाठलेले विश्वासराव गोळी लागून पडले. हत्तीवरचे भाऊ घोड्यावर आले आणि गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

ही गोष्ट पडद्यावर मांडताना आधी कारणं सांगावी लागतात. कोण कुणाचा मित्र, कोण कधी फिरला, पैसा का आला नाही, यमुना का ओलांडता आली नाही. 'बाजीराव'मध्ये प्रेक्षक दहा मिनिटांत प्रेमात पडतो. 'पानिपत'मध्ये तेवढ्या वेळात त्याला नकाशा समजून घ्यावा लागतो. गोवारीकरांनी ते नेटानं केलं. पार्वतीबाईंच्या, म्हणजे क्रिती सेनॉनच्या तोंडून गोष्ट सांगवली. इब्राहिमखानाची निष्ठा ठसठशीत दाखवली. नितीन चंद्रकांत देसाईंनी कर्जतला शनिवारवाडा उभारला आणि अजय-अतुल यांचं संगीत घेतलं. मल्हारराव होळकरांच्या भूमिकेत रवींद्र महाजनी आणि जनकोजी शिंद्यांच्या भूमिकेत त्यांचेच चिरंजीव गश्मीर, असा योगही जुळवला. देसाई आणि रवींद्र महाजनी दोघेही २०२३ मध्ये गेले, त्यामुळे हे क्षण आज पाहताना मन हळवं होतं.

तरीही चित्रपट चालला नाही. त्याच शुक्रवारी आलेल्या 'पती पत्नी और वो' या विनोदी चित्रपटाला प्रेक्षकांनी जास्त पसंती दिली. अर्जुन कपूरकडे रणवीरचं वादळ नव्हतं, हे एक कारण. पण भाऊही बाजीरावासारखाच असावा, ही अपेक्षा मुळात रास्त होती का? भाऊ हा वादळी वीर नव्हता. तो कारभारी होता, फडावर वाढलेला. नशिबानं त्याला सर्वांत मोठ्या रणांगणावर उभं केलं. खरं तर हेच त्याचं नाट्य. चित्रपटानं मात्र मधूनमधून त्यालाही महानायकाच्या पोशाखात उभं केलं, गर्जना करायला लावली, आणि तिथंच तुलना ओढवून घेतली.

कुणाचा खलनायक, कुणाचा बाबा

खलनायकाच्या बाबतीत दुसरा भाग वरचढ ठरायला हवा होता. पहिल्यात ठळक खलनायकच नव्हता, दुसऱ्यात संजय दत्तचा अब्दाली होता. पण अफगाणिस्तानात अहमदशाह अब्दालीला राष्ट्रपिता मानतात, आदरानं 'बाबा' म्हणतात. झलक पाहूनच तिकडून काळजीचे सूर उमटले. प्रदर्शनानंतर राजस्थानात वेगळाच भडका उडाला. भरतपूरच्या महाराजा सूरजमल जाटांचं चित्रण चुकीचं आहे, असं म्हणत लोक रस्त्यावर उतरले आणि निर्मात्यांना काही दृश्यं कापावी लागली. राग समजण्यासारखा होता. पानिपताहून जखमी, उपाशी, लुटलेली मराठी माणसं परतली तेव्हा त्यांना अन्नवस्त्र देणारे हेच सूरजमल आणि त्यांच्या राणी किशोरी. समशेरबहाद्दरही जखमी होऊन त्यांच्याच आश्रयाला आला. वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तिथंच त्याचा अंत झाला आणि भरतपुरात त्याची कबर झाली.

दोन्ही चित्रपट सलग पाहिले तर सर्वांत जास्त चटका हा मुलगा लावतो. ज्या घरानं त्याची मुंज होऊ दिली नाही, त्याच घराच्या झेंड्यासाठी तो मेला. दोन चित्रपटांना जोडणारा हा धागा दुसऱ्या चित्रपटात ओझरताच आला आहे. त्यावरच कुणी तिसरा चित्रपट काढला तर?

नायक मेला नाही!

महानायकाच्या गोष्टीत नायक मेला तरी पुढच्या भागात परत येतो. पानिपताची कमाल अशी, की भाऊंच्या बाबतीत लोकांनी स्वतःच हा पुढचा भाग रचला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतात भाऊंच्या मृतदेहाची आणि अंत्यसंस्काराची हकिकत आहे. पण पुण्यात पार्वतीबाईंनी आपले पती गेले हे कधीच मान्य केलं नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मधल्या काळात 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उगवला. पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलेला हा माणूस १७७६ मध्ये बाहेर पडला आणि हजारोंनी त्याला मानलं. कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले. अखेर तो पकडला गेला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावरच 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

हरियाणातही भाऊ जिवंत राहिले. रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात एक डेरा आहे. जखमी भाऊ इथं आले, नाथपंथी साधू झाले आणि इथंच समाधिस्थ झाले, असं गावकरी श्रद्धेनं सांगतात. हरियाणातल्या रोड समाजातले अनेकजण तर स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासाच्या कसोटीवर या गोष्टी किती टिकतात, हा वेगळा प्रश्न. पण आपला नायक असा संपू शकत नाही, हे सांगण्याची गरज पुण्यालाही होती आणि पानिपतालाही.

राहिलेला भाग

विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ मध्ये आली आणि मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. म्हणजे मराठी माणसाला पराभवाची गोष्ट नको असते, असं नाही. कादंबरी हाती घेणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, तरी तो रात्र जागवून वाचतो. कारण भाऊ जिंकावेत म्हणून तो वाचत नाही. हे असं का झालं, हे त्याला समजून घ्यायचं असतं. चित्रपटगृहात मात्र तोच वाचक 'बाजीराव'ची धुंदी शोधत गेला आणि हिरमुसून परतला.

खरं तर पानिपताला जिंकण्याचा भागही आहे, फक्त तो हिंदी पडद्यावर यायचा राहिला आहे. रणांगणावर पाय जायबंदी झालेला महादजी शिंदे नावाचा तरुण एका पखालवाल्याच्या, राणेखान भिस्त्याच्या बैलावरून जिवंत परतला. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि सरदारकी दिली. तिकडे अब्दाली जिंकूनही दिल्लीत राहिला नाही, मायदेशी निघून गेला. नानासाहेब त्याच वर्षी पुत्रशोकानं खचून गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजींसह मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. रणजित देसाईंची 'स्वामी' आणि तिच्यावरच्या मालिकेतले रवींद्र मंकणी यांच्यामुळे माधवराव मराठी घरांना परिचित आहेत, पण भव्य हिंदी चित्रपटाचा मान त्यांना अजून मिळालेला नाही.

पहिल्या भागात विजय, दुसऱ्यात हार आणि तिसऱ्यात हिमतीनं पुन्हा उभं राहणं. असे तीन भाग ओळीनं मांडले की दुसरा भाग फिका वाटत नाही, तो मधला वाटतो. काला अंबच्या स्तंभापाशी दर संक्रांतीला माती कपाळाला लावणाऱ्या माणसांना हे कुणी सांगावं लागत नाही. तिळगुळाच्या दिवशी शेकडो कोस ओलांडून ती एका हरलेल्या माणसाला भेटायला येतात.