कोल्हार परिसरातील कुटुंबे आणि पाल्याच्या उच्च शिक्षणासाठी करसवलतीची बचत

प्रस्तावना :

प्रवरा नदीकाठचे कोल्हार हे राहाता तालुक्यातील गाव ऊस पट्ट्यात मोडते. जवळच प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला व पुढे परिसरात शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. परिणामी येथे एकाच घरात उसाचे पैसे आणि नोकरीचा पगार असे दोन्ही उत्पन्नस्रोत आढळतात. पाल्याच्या शिक्षणासाठी बचत योजना निवडताना मात्र 'कर वाचतो' हा एकच निकष दोघांनाही लावला जातो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

करसवलतीचे दोन अर्थ :

करसवलत दोन ठिकाणी मिळते : रक्कम भरताना वजावट म्हणून आणि व्याजावर माफी म्हणून. शेती उत्पन्न मुळातच आयकरमुक्त असल्याने केवळ उसावर अवलंबून असलेल्या कुटुंबास वजावटीचा काहीच उपयोग नाही. १९६१ च्या कायद्यातील 'कलम ८० सी' या नावाने परिचित असलेली ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळत नाही, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हीच प्रणाली मूळ पर्याय मानली जाते. म्हणजे बहुतेक प्राध्यापकही या बाबतीत शेतकऱ्याच्याच पंक्तीत येऊन बसले आहेत. सुकन्या समृद्धी खाते व पीपीएफ यांचे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. तेव्हा या दोहोंतील निवड कराच्या नव्हे, तर मुदतीच्या आधारे करावी लागते.

मुदत आणि प्रवेशाचे वर्ष :

सुकन्या योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते, भरणा पंधरा वर्षे करायचा असतो व खाते एकवीस वर्षांनी परिपक्व होते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अथवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. पीपीएफची मुदत खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पंधरा वर्षे असते.

उदाहरणादाखल, दोन वर्षांच्या मुलीसाठी एप्रिलमध्ये खाते उघडले आणि पंधरा वर्षे दरवर्षी ५ एप्रिलपूर्वी १२,००० रुपये भरले, असे समजू. (पाच तारखेनंतरच्या भरण्यावर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही.) पीपीएफमध्ये सोळाव्या वर्षी केवळ किमान रक्कम भरली तरी चालते. सुकन्याचा जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला ८.२ टक्के व पीपीएफचा एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के हे दर कायम धरल्यास मुलगी अठरा वर्षांची होताना सुकन्या खात्यात सुमारे ३ लाख ८७ हजार, तर पीपीएफमध्ये सुमारे ३ लाख ४९ हजार रुपये असतील. परंतु पहिल्यातून जास्तीत जास्त १ लाख ९४ हजार मिळतील, दुसऱ्यातून संपूर्ण रक्कम. सुकन्याचा उरलेला निम्मा भाग तेविसाव्या वर्षी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी हाती येतो. पदवीचा खर्च भागवायचा असेल तर अधिक दराची योजना अधिक उपयुक्त ठरतेच असे नाही.

आणखी एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. सुकन्या खात्यातून काढता येणारी रक्कम प्रवेशपत्रात वा शुल्कपावतीत दर्शविलेल्या शुल्काइतकीच असते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश घेणाऱ्या, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. अशा मुलीचा पुण्यातील खरा खर्च खोलीभाडे व खानावळीचा. तो शुल्कपावतीत नसतो. पीपीएफ परिपक्व झाल्यावर असा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय पीपीएफमधील रकमेवर न्यायालयाच्या हुकुमान्वयेही जप्ती येत नाही. पीककर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबास ही तरतूद व्याजदरातील एका टक्क्याहून मोलाची वाटू शकते.

मुलग्यासाठी सुकन्याचा पर्यायच नसल्याने पीपीएफ हीच वाट उरते. मात्र पालक व अज्ञान पाल्य यांच्या खात्यांची मिळून वार्षिक मर्यादा दीड लाखच आहे. मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर पीपीएफ खाते उघडल्यास पदवीच्या प्रवेशापर्यंत ते परिपक्व होत नाही व अंशतः रक्कम काढण्यावरच भागवावे लागते. म्हणून गळीत हंगाम आटोपून उसाचे पैसे हाती आलेल्या पहिल्याच एप्रिलमध्ये, मूल दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास, खाते उघडणे सोयीचे ठरते.