तिखटावर आळ, मिठाला माफी

हिवाळा लागला की जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारात भरीत पार्ट्यांना रंग चढतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, तेलाची सढळ फोडणी आणि कळण्याची भाकरी. अशा पंगतीत चाळिशी ओलांडलेला एखादा हात आखडता घेतो, कारण त्याला ‘बीपी’ निघालंय आणि तिखट बंद केलंय. शेजारचा उडदाचा पापड आणि लोणच्याची फोड मात्र तो निर्धास्त खातो. आपण आजाराचं कारण जिभेला विचारतो, आणि या खटल्यात जीभ हा सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. मिरचीने घाम फुटतो, म्हणून ती गुन्हेगार. पण कायमचा उच्च रक्तदाब मिरचीने होत असल्याचा पुरावा नाही. मिठाविरुद्ध मात्र पुराव्यांचा ढीग आहे. त्यातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढवतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगते. भारतीय माणूस राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे ८ ग्रॅम खातो. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणाऱ्या पापडांत मीठ असतंच, शिवाय पापडखारातही सोडियम असतं, आणि ते जिभेला खारट लागेलच असं नाही.

कोलेस्टेरॉलबाबत गैरसमज याच जातीचा आहे. वांग्यात, शेंगदाण्यात किंवा शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ अशी जाहिरात म्हणजे मिठात साखर नाही असं मिरवण्यासारखं. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. ते किती साचतं हे आनुवंशिकतेवर, आणि खाण्यातल्या संपृक्त व ट्रान्स चरबीवर अवलंबून असतं. म्हणून भरितापेक्षा पामतेलात किंवा वनस्पती तुपात तळलेल्या फरसाणाचा पुडा जास्त संशयास्पद. सडपातळ माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं असू शकतं, तेव्हा पोटाकडे बघून निकाल देण्यातही अर्थ नाही.

‘आमचे आजोबा हेच खाऊन ऐंशी वर्षं जगले’, हा आक्षेप हमखास येतो. जगलेले आजोबा आठवणीत राहतात, पन्नाशीत अचानक गेलेले त्यांचे भाऊबंद गणतीत येत नाहीत. शिवाय त्यांचा दिवस वखरामागे जायचा, आपला खुर्चीत जातो. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी, ५३ च्या आसपास आलेला दिसला. दुसरा आक्षेप ‘मला काही त्रासच नाही’ हा. पण उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, आणि धमनीत साचणारा थर तर वर्षानुवर्षं गप्प असतो. डोकं दुखलं की गोळी घ्यायची नि थांबलं की सोडायची, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आता गोळीची भीती. ‘एकदा सुरू झाली की सुटत नाही’ हे अनेकदा खरं आहे, पण ते व्यसन नव्हे. मूळ कारण जागेवर असतं, म्हणून गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो. वरचा रक्तदाब ५ अंकांनी उतरला तरी हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना सुमारे एकदशांशाने घटतात. वाईट कोलेस्टेरॉल स्टॅटिन या औषधाने ३९ मिलिग्रॅमने उतरलं तर साधारण एकपंचमांशाने. ‘रसायनं नकोत’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत: पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं, आणि रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीचा गुण जगापुढे मांडणारा १९४९ चा शोधनिबंध मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा होता. दुष्परिणामांमुळे सर्पगंधा मागे पडली, हेही तितकंच खरं.

पथ्य वाया जातं असं मात्र नाही. चीनच्या ६०० खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. केळ्यातही पोटॅशियम असतं, तेव्हा जळगावकरांना ते दारातच मिळतं. पण केळी गोळीची जागा घेत नाहीत, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना जादा पोटॅशियम घातक ठरू शकतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब सरकारी आरोग्य उपकेंद्रात मोफत मोजण्याची सोय आहे. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजून घ्या, आणि आकडा वारंवार १४०/९० किंवा त्यापुढे आला तर मिरचीवर खापर फोडण्याआधी डॉक्टरांकडे जा.