उंची कुठून मोजायची?

चीनच्या शिनजियांग प्रांतात, काश्गर शहराच्या वायव्येला साधारण ४० किलोमीटरवर, डोंगराच्या एका उभ्या भिंतीला आरपार भगदाड पडलेले आहे. तिथले लोक त्याला तुशुक ताश म्हणतात, गिर्यारोहकांमध्ये ते ‘शिप्टनची कमान’ म्हणून ओळखले जाते. जगातली सर्वांत उंच नैसर्गिक कमान असा तिचा लौकिक आहे आणि उंची सांगितली जाते सुमारे ३६६ मीटर. हा आकडा खोटा नाही, पण एकटा दिला की दिशाभूल करतो. या कमानीची उंची तिच्याकडे नेणाऱ्या वाटेपासून वेगळी काढताच येत नाही, असे माझे म्हणणे आहे. गिनेस बुकात तिची नोंद एकदा होऊन पुसली का गेली, याचे कारणही मला याच वाटेत दिसते.

एरिक शिप्टन काश्गरमध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत होता. १९३४ साली गिर्यारोहक एच. डब्ल्यू. टिलमनबरोबर ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अभयारण्यात शिरलेला हा माणूस. अशा माणसालाही दक्षिणेकडून कमानीपर्यंत पोहोचता आले नाही, आणि त्याचे कारण त्या खडकात आहे. हा डोंगर गोटेमिश्रित खडकाचा आहे. उंच पर्वतांवरून पाण्याने वाहून आणलेले गोल गोटे गाळात रुतले आणि कालांतराने एकजीव झाले. जवळून पाहिले तर दगडाच्या अंगात मुठीएवढे गोटे खोचलेले दिसतात आणि सांधा झिजला की ते एकेक करून सुटतात. अशा खडकाला पाणी उभेच्या उभे कापते. त्यातून इतक्या अरुंद आणि वळणदार घळी तयार होतात की माणूस त्यांच्या तळाशी अडकून पडतो आणि समोरचे शिखरही दिसेनासे होते. शेवटी १९४७ साली शिप्टन उत्तरेच्या बाजूने गेला आणि तिकडून कमान सापडली. आपल्याकडे रतनगडाच्या किंवा राजगडाच्या नेढ्यात जो उभा राहिला आहे, त्याला हे लगेच कळेल: अरुंद धारेतले भोक, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी खोली. तुशुक ताशला हा फरक प्रचंड आहे. उत्तरेकडून येणाऱ्याच्या पायाखाली दगडगोट्यांचा ढिगारा असतो आणि तिथून माथा जेमतेम ६० मीटर वर भासतो. बाकीची उंची त्याच्या पायांच्या खाली, दक्षिणेच्या घळीत उतरलेली असते.

मग खरी उंची ६० मीटरच धरावी, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. ढिगारा एका बाजूने चढत आला म्हणून पलीकडची पोकळी नाहीशी होत नाही. कमानीच्या आतल्या भिंती घळीच्या तळापर्यंत अखंड जातात, म्हणून ३६६ हा आकडाही तितकाच खरा. मात्र तो ज्या बाजूचा आहे, त्या बाजूने माणसे सहसा येत नाहीत. गिनेस बुकाने ही कमान एकेकाळी नोंदवली होती. पुढे तिचे नेमके ठिकाण पडताळता येईना, म्हणून नोंद काढून टाकली. अनेकांना हा अन्याय वाटतो, मला तो योग्य निर्णय वाटतो. जिथे पोहोचायची वाटच ठाऊक नाही, तिथला आकडा कोण तपासणार? २००० साली नॅशनल जिऑग्राफिकच्या पाठबळाने गेलेल्या मोहिमेने ती कमान पुन्हा गाठली, तेव्हा वर्तमानपत्री भाषेत ‘हरवलेली कमान सापडली’. परिसरातल्या लोकांच्या लेखी ती कधीच हरवली नव्हती. तुटली होती ती बाहेरच्यांची लिहून ठेवलेली वाट.

आता उपग्रह आहेत, वाटेची एवढी मातब्बरी कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. चीनमधल्याच ग्वांगशीतला शिएनरेन हा नैसर्गिक पूल गूगल अर्थवरच्या चित्रांमुळे जगापुढे आला, हे खरेच. पण तो नदीवरचा पूल आहे. खालून पाणी वाहते, त्यामुळे वरून पाहणाऱ्यालाही तो ओळखता येतो. भिंतीतले भगदाड वरून पाहिले तर नुसती धार दिसते, पोकळी दिसत नाही. शिवाय शिएनरेनचा सुमारे १२० मीटरचा विस्तारही पडताळला गेला तो २०१० मध्ये माणसे साधने घेऊन तिथे पोहोचल्यावरच. म्हणून तुशुक ताशबद्दल लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे द्यावेत, कोणता उत्तरेचा आणि कोणता दक्षिणेचा हे नमूद करून. नाहीतर ३६६ मीटर वाचून तिथवर गेलेला प्रवासी समोर ६० मीटर पाहील आणि आपली फसवणूक झाली असे समजून परतेल.