प्रीमियर पद्मिनीचा जीर्णोद्धार
प्रीमियर पद्मिनी ही कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, मूळ फियाट आराखड्याची मोटार होय. दादर स्थानकाबाहेर ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून परिचित होती. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली.

नवशिक्याने गाडी घेताना प्रथम नोंदणीपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवावेत. नंतर तळपत्र्याचा गंज तपासावा. या मोटारीला स्वतंत्र चौकट नसल्याने तळपत्राही भार पेलतो. म्हणून इंजिनातील बिघाडापेक्षा खोलवर गेलेला गंज अधिक खर्चिक ठरू शकतो. सुटे भाग काढताना छायाचित्रे घेऊन चिठ्ठ्या लावाव्यात. सांगाडा पक्का झाल्यावरच रंगकाम करावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी मोटारीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. मात्र सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा.