शिदोरीचे वेष्टन आणि समासातले चित्र

सहलीसाठी तयार खाद्यपदार्थांची एक छोटी मालिका बाजारात आणावी, असे आमच्या घरातील तरुण मंडळींनी मनावर घेतले, तेव्हा पदार्थांवरून फारसा वाद झाला नाही. खाकरा, चिक्की, मुरमुऱ्याचा चिवडा, सुखडी, आंबापोळी अशी यादी एका संध्याकाळीच ठरली. वाद झाला तो वेष्टनावरून. नमुन्याचा पहिला डबा छापून आला, त्यावर डोंगरमाथ्यावरील जिनमंदिरांची शिखरे होती, त्याभोवती चौदा स्वप्नांची पट्टी होती आणि मध्यभागी ध्यानस्थ भगवंतांची सोनेरी आकृती होती. डबा देखणा होता, सर्वांनी वाखाणला. आजींनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “खाऊन झाल्यावर हा जाणार कुठे?”

या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. सहलीच्या डब्याचे भवितव्य सर्वांना ठाऊक असते. तो बाकाखाली पडतो, पायाखाली येतो, उष्ट्या हातांनी चुरगळला जातो आणि शेवटी कचराकुंडीत जातो. घरोघरी लग्नपत्रिकांची हीच अडचण आहे. वर भगवंतांची प्रतिमा असते म्हणून पत्रिका रद्दीत टाकवत नाही, आणि ठेवायची म्हटली तर कपाट भरून जाते. आशातना म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. छापलेल्या अक्षरालाही ज्ञानाचे रूप मानून त्यावर अन्न न ठेवणारी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो ते याच भावनेने. मग जे पूज्य, ते ज्याला फाडूनच उघडायचे अशा पाकिटावर छापावे कसे?

येथे व्यवहारही श्रद्धेच्याच बाजूने उभा आहे. धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेले चिन्ह १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार नोंदवता येत नाही. शिवाय पूज्य प्रतिमा ही कोणा एका पेढीची मालमत्ता नव्हे. आज आपण छापली, उद्या शेजारचा छापेल. मग आपला माल वेगळा ओळखायचा कशावरून?

तथापि, पूज्य प्रतिमा वगळली म्हणजे आपल्या परंपरेत चित्रासाठी काही उरत नाही, ही समजूत मात्र खरी नाही. आपल्या पूर्वजांनी, त्यातही व्यापारी श्रावकांनी, शतकानुशतके हस्तलिखिते लिहवून आणि रंगवून घेतली. त्या पानांच्या मध्यभागी पूज्य प्रसंग आहेत, पण भोवतीच्या समासात, नगरांच्या रस्त्यांत आणि झाडांच्या सावलीत सारे ऐहिक जग रंगवलेले आहे. वेष्टनासाठी चित्र शोधणाऱ्याने मध्यभागाला वंदन करावे आणि समासाकडे वळावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

प्रथम कल्पसूत्राची हस्तलिखिते पाहू. आरंभी ती ताडपत्रांवर लिहिली जात. चौदाव्या शतकापासून कागद रूढ होऊ लागला. ताडपत्राच्या लांबट पानांना छिद्रे पाडून त्यांतून दोरा ओवावा लागे. कागदाला त्याची गरज उरली नाही, तरी लेखकांनी छिद्राची जागा मोकळी ठेवली आणि तेथे लाल, निळ्या वा सोनेरी रंगाचा नक्षीदार ठिपका काढण्याची रीत पडली. दोरा गेला, छिद्र गेले, ठिपका तेवढा राहिला. वेष्टनासाठी याहून सुंदर आणि निर्दोष खूण कोणती असेल? त्या ठिपक्यात कोणाची प्रतिमा नाही, पण जाणत्या डोळ्याला आपले घराणे त्यातून ओळखू येते. पाकीट जेथे फाडायचे किंवा डब्याचा दोरा जेथे ओवायचा, नेमका तेथे तो काढला, तर चित्राला कामही मिळते.

पुढील काळातील काही प्रतींचे समास तर चित्रांनी भरून गेले. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रसिद्ध प्रतीच्या समासांत नर्तकी, वादक, वेली आणि फुले यांची रेलचेल आहे. इराणी चित्रकलेचा परिणामही त्यांत स्पष्ट दिसतो. अशी पाने प्रत्यक्ष पाहणे हाच खरा अभ्यास होय. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, अहमदाबादचे लालभाई दलपतभाई संग्रहालय किंवा गांधीनगरजवळील कोबा येथील ज्ञानमंदिर यांपैकी एका ठिकाणी तरी चित्रकाराला सोबत घेऊन जावे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लाल रंग दिसतो. त्या लाल रंगावर उमटलेला हाताचा दाब दिसत नाही.

दुसरे भांडार विज्ञप्तिपत्रांचे. आमच्या गावी चातुर्मास करावा, अशी विनंती एखाद्या नगरीचा संघ आचार्य महाराजांना करी, तेव्हा ती लांबच लांब गुंडाळीच्या रूपाने पाठवली जाई. आपले गाव कसे आहे हे महाराजांना कळावे, म्हणून त्या गुंडाळीवर गावाचे रस्ते, मंदिरे, उपाश्रय आणि बाजारपेठ रंगवलेली असे. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१० साली, आग्रा येथील संघाने विजयसेन सूरींना पाठवलेले, उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेले विज्ञप्तिपत्र यांत विशेष प्रसिद्ध आहे. व्यापारी कुटुंबाला याहून जवळचा विषय कोणता? दुकानात मांडी घालून बसलेला शेठ, समोर तराजू, दाराशी गिऱ्हाईक, रस्त्यावर बैलगाडी. आपल्या पेढीचे गाव, तेथील पेठ, स्थानक आणि नदीचा पूल अशाच एका लांब पट्टीवर रंगवून घेतला, तर मालिकेतील प्रत्येक डब्यावर त्या पट्टीचा एकेक तुकडा येईल. पाच डबे ओळीने मांडले की रस्ता पूर्ण होईल. दुकानाच्या फळीवर अशी मांडणी गिऱ्हाइकाची नजर धरून ठेवते आणि घरी मुलांना ती जुळवण्याचा खेळ होतो.

तिसरे उदाहरण तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या सित्तन्नवासलचे. तेथील जैन गुहामंदिराच्या छतावर, साधारण नवव्या शतकातील, कमळांनी भरलेल्या तळ्याचे चित्र आहे. त्यात बदके, मासे, हत्ती आणि कमळे खुडणारी माणसे आहेत. कमळांची पाने व बदके आपल्या कामाची आहेत. मासे मात्र कटाक्षाने वगळावेत. चित्र म्हणून ते कितीही सुरेख असले, तरी खाद्यपदार्थाच्या पाकिटावर मासा दिसला की गिऱ्हाइकाच्या मनात आत काय असेल याची शंका येते. अष्टमंगलातील मत्स्ययुगलाचेही तसेच. मंगल चिन्ह असले, तरी खाकऱ्याच्या डब्यावर ते अनर्थच करील.

आपल्या महाराष्ट्रात वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. इंद्रसभा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३२ व्या लेण्यात अंबिकादेवी फळांनी लगडलेल्या आंब्याच्या झाडाखाली बसली आहे. देवीला नमस्कार करावा आणि तिच्या डोक्यावरच्या आम्रवृक्षाची पाने व फळे वहीत उतरवून घ्यावीत. आंबापोळीच्या पाकिटासाठी याहून उचित झाड शोधून सापडणार नाही.

आणि झाडाचाच विषय निघाला आहे, तर षड्लेश्यांच्या दृष्टान्ताला विसरून चालणार नाही. जंगलात वाट चुकलेल्या सहा भुकेल्या माणसांना फळांनी लगडलेले जांभळाचे झाड दिसते. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठी फांदी तोडावी म्हणतो, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस. पाचव्याला फक्त पिकली फळे खुडायची आहेत, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच आपल्याला पुरेशी आहेत. सहा माणसे, एक झाड आणि पोटातली भूक, म्हणजे एका परीने सहलच ती! पाठशाळेच्या भिंतीवर हे चित्र पाहिले नाही, असे आपल्यात थोडेच असतील. त्यात कोणी आराध्य नाही, तरी सारा विचार आहे. तरुण मंडळींनी लगेच सहा चवींना सहा लेश्यांचे रंग देण्याची कल्पना काढली. तेव्हा काकांनी विचारले, “कृष्ण लेश्येचा चिवडा घेणार कोण?” यातील विनोद सोडला तरी मुद्दा खरा आहे. दृष्टान्त अखंड राहिला तरच बोलतो. त्याचे सहा तुकडे केले की तो नुसता रंगांचा तक्ता होतो. एकाच मोठ्या डब्यावर पूर्ण झाड काढावे. शिवाय ते चित्र डब्याच्या मालकालाही काही विचारते. वेष्टनासाठी आपण मूळ तोडतो आहोत की खाली पडलेल्यावर भागवतो आहोत?

आता थोडे कारखान्याचे. लवचीक पाकिटे बहुधा रोटोग्रॅव्हियर पद्धतीने छापतात. तीत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. तो खर्च आधीच करावा लागत असल्याने छपाईदार मोठी मागणी मागतात. नव्या पेढीने आरंभी साधे पाकीट घेऊन वर छापील चिठ्ठी लावावी किंवा डिजिटल छपाईने थोडी पाकिटे करून घ्यावीत. येथे जुनी हस्तलिखिते पुन्हा मदतीला येतात. लाल पार्श्वभूमी, गडद निळा, पिवळा किंवा सोनेरी आणि काळी रेघ एवढ्या थोडक्या रंगांत त्यांनी सारे जग उभे केले. रंग मोजके असले की सिलिंडर कमी लागतात आणि पाकीट दुरूनही ओळखू येते. लाल रंगाचा मोह मात्र आवरावा लागतो. शाकाहाराचा हिरवा ठिपका ठळक दिसणे बंधनकारक आहे. लाल पार्श्वभूमीवर तो बुडतो, म्हणून त्याच्याभोवती पांढरी जागा सोडावी.

पदार्थाचा स्वभावही चित्रकाराला सांगावा लागतो. खाकरा गोल आणि ठिसूळ, त्याला टणक गोल डबा हवा. मग चित्रही गोलाकार बसले पाहिजे. चिक्की लांबट, तिला ताडपत्राचा आकार शोभतो. तळलेल्या पदार्थाचे तेल साध्या कागदातून पाझरते आणि चित्रावर डाग पडतात, म्हणून आत तेलरोधक थर हवा. प्लॅस्टिकचे चमचे आणि काटे १ जुलै २०२२ पासून बंद झाले आहेत, तेव्हा सहलीच्या संचात लाकडी चमचा ठेवावा.

आपल्या गिऱ्हाइकांची आणखी एक अपेक्षा असते आणि बाहेरच्या रचनाकाराला ती ठाऊक नसते. ती म्हणजे काळमर्यादा. अशा पदार्थांचा काळ पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस मानण्याची श्वेतांबर परंपरेत रीत आहे. दिगंबर घरांत पिठाचीही मर्यादा ऋतूप्रमाणे पाळली जाते. अशा घरातील गृहिणी पाकीट हातात घेताच प्रथम बनवल्याची तारीख शोधते. ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ हे शब्द तिच्या उपयोगाचे नसतात. ती तारीख पाकिटाच्या तळाशी पुसट ठशात न दडवता दर्शनी भागावर, त्या नक्षीदार ठिपक्याशेजारी ठळकपणे द्यावी. कंदमूळ नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहावे. कोणत्याही सोनेरी शिखरापेक्षा या दोन ओळींनी आपल्या माणसांचा विश्वास अधिक संपादन होतो.

जुने चित्र जसेच्या तसे उचलून छापणे टाळावे. संग्रहालयातील छायाचित्र वापरायचे तर त्या संस्थेची परवानगी घ्यावी. त्याहून बरे म्हणजे चित्रकाराकडून नव्याने काढून घ्यावे, त्याला योग्य मोल द्यावे आणि चित्राचे हक्क कोणाकडे राहतील याचा लेखी करार आधीच करावा. वहीखाते चोख ठेवणाऱ्या समाजाने एवढी चोख नोंद येथेही ठेवावी.

शत्रुंजयाच्या यात्रेत डोंगरावर कोणी काही खात नाही. यात्रेकरू खाली उतरला की तळेटीशी त्याला भातुं दिले जाते. दमून आलेल्याच्या हातावर प्रेमाने ठेवलेला तो घास. तेथे वेष्टनाचा थाट नसतो, तरी ते भातुं आयुष्यभर लक्षात राहते. शिदोरीचा खरा अर्थ तेथे आहे. वाटसरूचा आदर राखणे हेच वेष्टनाचेही काम.

आमचा दुसरा नमुना महिन्याभराने आला. लाल पट्टीवर पेठेचा रस्ता, कोपऱ्यात जांभळाचे झाड, मधोमध तो ठिपका आणि त्याच्याशेजारी तारीख. आजींनी पूर्वीप्रमाणेच डबा उलटसुलट करून पाहिला. खाकरा संपल्यावर त्यांनी तो धुऊन पुसून घेतला, त्यात बडीशेप भरली आणि फळीवर ठेवला. जाणार कुठे, हा प्रश्न या वेळी कोणी विचारला नाही.