बचत गणितातली आणि बचत विजेची

चार शब्द लिहून द्यावेत आणि संगणकाने त्यांचे चित्र काढून द्यावे, याचे नवल आता उरलेले नाही. परंतु अशा एकेका चित्रामागे केवढे गणित खर्ची पडते आणि त्यातील किती भाग निव्वळ पुनरुक्तीचा असतो, याची कल्पना फार थोड्यांना असेल.

ही यंत्रणा ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करते आणि तो पायरीपायरीने निवळत चित्र साकार करते. २०२० साली मांडलेल्या एका गाजलेल्या पद्धतीत अशा १००० पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला सारे गणित नव्याने करावे लागे. मधल्या बहुतेक पायऱ्या गाळल्या तरी चित्र फारसे बिघडत नाही, हे त्याच वर्षी दाखविण्यात आले. पुढे २०२३ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी ‘डीपकॅश’ ही युक्ती मांडली. लागोपाठच्या पायऱ्यांत गणिताच्या अंतर्भागातील उत्तरे जवळजवळ सारखीच येतात. तेव्हा ती जपून ठेवून पुढे वापरावीत, एवढेच तिचे सूत्र. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या एका आवृत्तीचा वेग त्यामुळे २.३ पट झाला. कीर्दीचे पान उलटताना आपण मागील बेरीज पुढे ओढतो. दर पानाला पहिल्या नोंदीपासून बेरीज करणाऱ्या कारकुनास कष्टाळू कोण म्हणेल?

ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र गणित वाचले म्हणजे वीजही वाचली, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच ब्रिटनमधील कोळशाच्या संदर्भात हा भ्रम दूर केला होता. वाफेचे एंजिन काटकसरी झाले, तसा कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. कारण एंजिन स्वस्तात चालू लागताच ते नवनव्या उद्योगांत शिरले. चित्रांचेही असेच होणे संभवते. जे चित्र विचारपूर्वक एकदा मागवावे, ते स्वस्त झाल्यावर सहज वीस वेळा मागविले जाते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील संगणककेंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असेही ती संस्था म्हणते. हा खर्च केवळ चित्रांचा नव्हे, सर्वच संगणनाचा आहे, हे खरे. परंतु वाढीची दिशा त्यावरून स्पष्ट होते.

म्हणून वेगाची मागणी करताना हिशेबाचीही मागणी व्हावयास हवी. एका चित्रास किती वीज लागते, एवढे सांगून कंपन्यांनी थांबू नये. वर्षाअखेरची एकूण बेरीजही जाहीर करावी. दर चित्रामागील खर्च हा अभियंत्याच्या यशाचा पुरावा होय. समाजाला बिल येते ते मात्र एकूण बेरजेचे.