शिवेवरचा व्हॉल्व्ह

गावच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. वाकून पाहिलं तर दहा-पंधरा हातांवर आपलं तोंड दिसतं. पण त्या पाण्याचा हंडा कुणी घरात नेत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तांब्यात रात्रभर राहिलं तर सकाळी काठावर पांढरी खपली धरते. एका आजींनी माझ्या तळहातावर चार थेंब टाकले आणि म्हणाल्या, “चाखून पाय बाई, मंग लिही.” मी चाखलं. मीठ कमी आणि कडूपणा जास्त होता. तो घशात बराच वेळ राहिला.

हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे खचलेला भाग आणि त्यात साठत गेलेला खोल गाळ. गाळात क्षार अडकले, भूजलात उतरले आणि तिथेच राहिले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं या पट्ट्यात येतात. काळी जमीन कापूस आणि तूर देते, पण खाली बोअर मारला की खारंच पाणी लागतं. मूतखड्याचं आणि किडनीचं दुखणं इथे घरोघर ऐकायला मिळतं.

संपादकांनी मला जिल्हा नियोजनावर लेख मागितला होता: गावं आणि जिल्हा परिषद मिळून आराखडा करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते बघून ये. सभागृहातली बैठक पाहून आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन लेख झाला असता. पण मला वाटलं, जिथे गावांना एकमेकांवाचून गत्यंतरच नाही तिथे जावं. खारपाणपट्ट्यात कुठलंही गाव एकट्याच्या बळावर गोडं पाणी मिळवू शकत नाही. ते सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून, नाही तर दक्षिणेच्या काटेपूर्णेवरून, वाटेतल्या डझनावारी गावांच्या शिवा ओलांडत आणावं लागतं. म्हणून इथल्या योजनांना माणसांची नावं नाहीत, गावांच्या संख्येची आहेत. अकोल्यात ‘८४ खेडी’ आहे आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडे ‘१४० गाव’. सरकारी भाषेत ही ‘प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना’. लोक नुसतं ‘चौऱ्याऐंशी खेडी’ म्हणतात, एखाद्या परगण्याचं नाव घ्यावं तसं.

जिल्हा नियोजनाचा कागदावरचा इतिहास थोडक्यात सांगते. राज्य स्थापन झाल्यावर दोन महिन्यांच्या आतच, १९६० मध्ये, त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. त्याआधी बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने बळ दिलं ते जिल्ह्याला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला आराखडा करण्याचा अधिकार दिला. ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली आणि गावांचे व शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक आराखडा बनवण्याचं काम तिच्यावर सोपवलं. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात आणि घटनेप्रमाणे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. हा चार पंचमांशाचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आता भाऊंकडे येते. ते एका योजनेवरचे व्हॉल्व्हमन. बावीस वर्षं हेच काम करतात. त्यांच्या शाखेवर अकरा गावं आहेत. पहाटे पावणेचारला ते मोटारसायकलच्या मागे लोखंडी चावी बांधून निघतात. चावी म्हणजे कमरेएवढा उंच ‘टी’ आकाराचा दांडा, खाली चौकोनी बोळकं. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा चौकोनी खड्डा, वर फरशीचं झाकण. झाकण सरकवलं की आत व्हॉल्व्ह. भाऊंनी चावी बसवली आणि मोठ्याने मोजत फिरवायला लागले. सातव्या फेऱ्याला थांबले.

“पुरे वीस फेरे हायेत याचे,” ते म्हणाले. “पण हे गेट पुरं खोललं तं खालच्या चार गावाले थेंब नाई जात.”

त्यांच्या खिशात एक वही असते. दोन्ही टोकांना दुमडलेली, तेलकट बोटांनी मऊ झालेली. प्रत्येक गावापुढे दोन आकडे लिहिलेले: किती फेरे आणि किती मिनिटं. वरच्या गावाला सात फेरे, पन्नास मिनिटं. मधल्या वस्तीला अकरा. शेवटच्या गावाला पुरे वीस, दोन तास दहा मिनिटं, कारण तिथवरची रिकामी लाइन भरायलाच चाळीस मिनिटं जातात. उन्हाळ्यात आकडे बदलतात आणि लग्नाच्या तिथीला एका गावाचे दोन फेरे दुसऱ्याला जातात. त्यासाठी दोन्ही सरपंचांना आदल्या दिवशी फोन करावा लागतो. मी बरेच आराखडे वाचले आहेत, पण अकरा गावांनी एकमेकांसाठी काय सोडलं हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

सूर्य उगवायच्या आत त्यांनी मला आणखी एक वस्तू दाखवली. लाइनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह असतो. लोखंडी टोपीच्या आत पोकळ चेंडू. पाणी भरत येताना नळीतली हवा वरच्या भोकातून बाहेर पडते, पाणी पोचलं की चेंडू तरंगून भोक बंद करतो. लाइन रिकामी होताना चेंडू खाली बसतो आणि हवा आत घेतो. साधीच युक्ती आहे, पण ती नसेल तर हवा कोंडून पाणी अडतं. आणि नेमका हाच व्हॉल्व्ह लोक फोडतात. आत काडी घालून चेंडू बाजूला केला की कारंजं उडतं. मग शेतमजूर बाया कळश्या भरतात, गुराखी जनावरं पाजतो. ज्या वस्तीला नळच नाही तिने आणखी काय करावं? पण त्या कारंज्याने शेवटच्या गावाचा दाब जातो. शिवाय पाणी बंद झाल्यावर तोच उघडा व्हॉल्व्ह खड्ड्यातलं गढूळ पाणी आत ओढतो. तेच पाणी दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी कुणाच्या तरी हंड्यात पडतं.

भाऊंनी काडी काढली, चेंडू पुसून परत बसवला आणि चावीचा दांडा नळीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. मलाही लावायला सांगितला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग त्याखाली एक बारीक, न थांबणारी शिट्टी. “गळती हाय,” ते म्हणाले. “दोनशे पावलांवर.”

दोनशे पावलांवर दोन गावांची शीव होती. बांधावर बाभूळ, तिच्या बुंध्याशी हिरवंगार गवत, चैत्रातही. नळीच्या जोडातून पाणी झिरपत होतं. त्यांनी जुनी ट्यूब गुंडाळली, तार आवळली आणि तात्पुरतं भागवलं. ही गळती त्यांनी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा कळवली होती. आम्ही गेलो तोवर सात महिने झाले होते.

मी दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतीत जाऊन आराखडे पाहिले. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावागावांत आराखडे व्हायला लागले ते १४ व्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायला लागल्यापासून, म्हणजे २०१५ पासून. दोन्ही आराखडे मन लावून केलेले होते. एका गावात महिला ग्रामसभेने अंगणवाडीच्या टाकीचा आग्रह धरला होता, तो पहिल्या पानावर होता. दुसऱ्या गावात गल्लीगल्लीतली पाइपलाइन, नळजोडण्या, क्लोरिन तपासणीचं साहित्य असं सगळं मांडलं होतं. शिवेवरची मुख्य नळी मात्र दोन्हींत नव्हती. एका ग्रामसेवकांनी समजावून सांगितलं, “ती आमच्या मालकीची नाही, मॅडम. खर्च टाकला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल.” त्यांचं म्हणणं खरं होतं. गावाची जबाबदारी टाकीपासून पुढे. टाकीच्या मागची नळी योजनेची.

मग हा खर्च कुणी धरायचा? उत्तर नियमांत आहे, आणि ते शहाणपणाचं आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात राज्याने निधीची वाटणी अशी केली: ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. एकाहून अधिक गावांना लागणारं काम तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या आराखड्यात यावं, त्यासाठी हे वरचे दोन हिस्से. शिवेवरची नळी हे अशा कामाचं अगदी शाळेतल्या पुस्तकात द्यावं असं उदाहरण.

पण हा निधी मिळायला संस्था निवडून आलेली असावी लागते. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या. अमरावती आणि बुलढाण्यासह राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. अकोल्यात आधीची निवडणूक २०२० मध्ये झालेली, त्यामुळे तिथे ही पाळी २०२५ मध्ये आली. प्रशासक म्हणून बसलेले अधिकारी कामसू असतील, मी भेटले ते होतेही. पण सदस्यच नाहीत म्हटल्यावर वरचे दहा-दहा टक्के अडकले. आणि जिल्हा नियोजन समितीत ज्या चार पंचमांश जागा या सदस्यांनी आपल्यातून भरायच्या, त्यांतल्या गावांच्या जागांवर बोलायला कुणीच उरलं नाही. गावाची टाकी वाचवणारा निधी गावात येत राहिला. दोन गावांना जोडणाऱ्या नळीचा वाली मात्र गेला.

पैशाचं दुसरं दुखणं विजेचं. पंपाचं बिल योजनेच्या नावाने येतं, पाणीपट्टी गावाने गोळा करून वर भरायची. वरच्या गावाला पाणी मिळतं, तिथे वसुली बरी. शेवटच्या गावात पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तिथे लोक म्हणतात, आधी पाणी द्या मग पट्टी. पट्टी नाही म्हणून बिल थकतं, बिल थकलं की जोडणी तुटते आणि सगळ्यात आधी कोरडं पडतं ते शेवटचंच गाव. गावांच्या प्रतिनिधींची शिखर समिती यासाठीच असते. मी ज्या बैठकीला बसले तिथे भाऊंच्या शाखेच्या अकरापैकी सहा गावांचे लोक आले होते. दीड तास थकबाकीवर गेला. शेवटच्या गावच्या सरपंचबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांची पाळी आली तेव्हा दोघं उठून गेले होते. त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. विहिरीचं पाणी होतं. “माह्या गावातले लेकरं हे पेतात,” त्या म्हणाल्या. “थकबाकी लिवा, पन हेही लिवा.” कारकुनाने इतिवृत्तात थकबाकी लिहिली. बाटलीचं त्याने लिहिलं का, ते मला दिसलं नाही.

त्यात धरणाच्या पाण्याची मागणी वाढते आहे. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं, ते योग्यच आहे. पण नव्या योजना त्याच धरणांकडे बोट दाखवतात. वान धरणाचं पाणी दुसऱ्या तालुक्यातल्या गावांसाठी आरक्षित करायला तेल्हारा-अकोट भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सिंचनाला राहील काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. खारं पाणी पिणाऱ्या गावांची मागणीही खोटी नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना एका सतरंजीवर बसवून हिशेब मांडायचा तो जिल्ह्याच्या आराखड्यात. ती सतरंजी प्रशासकांच्या काळात गुंडाळूनच ठेवलेली होती.

निघायच्या दिवशी मी पुन्हा पहाटे भाऊंबरोबर गेले. शिवेवरची ट्यूब भिजली होती, गवत आणखी वाढलं होतं. त्यांनी तार पुन्हा आवळली, वही काढली आणि शेवटच्या गावापुढचा आकडा खोडून दोन तास वीस मिनिटं केला. वरच्या गावाची दहा मिनिटं कमी केली आणि तिथल्या सरपंचांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज चढलेला ऐकू येत होता. भाऊ “हो जी, हो जी” करत राहिले. फोन ठेवून त्यांनी चावी बसवली आणि वीस फेरे मोजले.

मग शेवटच्या गावातून फोन आला. त्यांनी तो माझ्या कानाला लावला. नळातून येणारी हवा फुसफुसत होती आणि एक बाई कुणाला तरी हंडा आणायला हाक मारत होती.